ओटीपी येत नाही? तो कुठे अडकलाय ते आधी शोधा

ओटीपी आला नाही की आपला अंगठा आपोआप ‘पुन्हा पाठवा’वर जातो. एकदा, दोनदा, पाचदा. आणि नेमकं तिथेच काम बिघडतं. बहुतेक सेवांमध्ये नवीन कोड मागितला की जुना रद्द होतो. पहिला कोड वाटेत उशिराने येत असेल आणि तोवर तुम्ही आणखी तीन मागवले असतील, तर चार मेसेज एकदम येऊन पडतात. त्यातला सगळ्यात नवा कुठला हे कळेपर्यंत ‘चुकीचा कोड’ तीनदा पडतो आणि खातं काही तासांसाठी, कधी दिवसभरासाठी बंद होतं. मग अडचण ओटीपीची राहत नाही, खात्याची होते.

म्हणून पहिली पायरी अशी: एकदा ‘पुन्हा पाठवा’ दाबा, दोन-तीन मिनिटं थांबा, आणि त्यानंतर त्या बटणाला हात लावू नका. कोड तुमच्यापर्यंत येण्याची वाट ठरलेली असते. सेवेचा सर्व्हर, मेसेज पाठवणारी मधली कंपनी, तुमची मोबाइल कंपनी, सिम, फोन आणि शेवटी मेसेजचं ॲप. यातल्या कुठल्या ठिकाणी गाडी अडली आहे ते कळलं की उपाय बहुतेक वेळा पाच मिनिटांचा असतो. ते न शोधता फोन रीसेट करत बसणं म्हणजे उगाच धावपळ.

कोड नक्की कोणाच्या नंबरवर गेला?

हा प्रश्न सगळ्यात साधा आहे आणि सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात, म्हणून इथे जरा थांबू या.

कोड मागितल्यावर स्क्रीनवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की तो कुठे पाठवला आहे. नंबरचे शेवटचे दोन, तीन किंवा चार आकडे दिसतात, बाकीच्या जागी फुल्या असतात. ते आकडे मोठ्याने वाचा. तुमच्या आत्ताच्या नंबरशी जुळतात का? खातं दहा वर्षांपूर्वी उघडलं असेल तर त्यात तेव्हाचा नंबर असण्याची दाट शक्यता आहे. काही ठिकाणी मोबाइलचे आकडेच नसतात, ई-मेलची पहिली दोन अक्षरं असतात. म्हणजे कोड मेलवर गेलाय आणि आपण मेसेजमध्ये शोधत बसलोय.

आधारशी जोडलेल्या कामांत हा घोळ सर्वांत जास्त होतो, कारण तिथे तुम्ही फॉर्ममध्ये कुठलाही नंबर लिहिलात तरी ओटीपी जातो तो आधारमध्ये नोंदलेल्या नंबरवरच. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी, सुरू झाली तेव्हा हे घरोघरी दिसलं. त्यात आधी बाईंचा स्वतःचा आणि मग पतीचा किंवा वडिलांचा असे दोन ओटीपी लागत होते. आमच्या इमारतीतल्या एका ताईंचा पहिला ओटीपी झटक्यात आला. पतीचा आधार क्रमांक टाकला आणि पुढे काहीच नाही.

“अहो, ह्यांचा फोन इथेच आहे, चार्जिंगला लावलाय,” त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

फोन होता, पण आधारमधला नंबर तो नव्हता. तो होता जुना, आणि त्याचं सिम सावंतवाडीला दिरांच्या साध्या फोनमध्ये. कोड बिचारे वेळेवर तिकडे पोचत होते. दिरांना फोन लावला, ते फोनजवळ बसले, मग नवीन कोड मागितला आणि काम झालं.

हे आधी कळण्याची सोय आहे. आधारच्या संकेतस्थळावर आधार वैध आहे का ते तपासण्याची सेवा आहे. आधार क्रमांक आणि चित्रातली अक्षरं टाकली की वयोगट, राज्य आणि जोडलेल्या मोबाइलचे शेवटचे तीन आकडे दिसतात. त्यासाठी ओटीपी लागत नाही. मोबाइलचा रकाना रिकामा असेल तर नंबर जोडलेलाच नाही. मग कितीही वेळ वाट पाहिली तरी कोड येणार नाही. जुना नंबर बंद झाला असेल तर आधार केंद्रावर जाऊन नवीन नोंदवता येतो. बोटांचे ठसे पुरतात, वेगळं कागदपत्र लागत नाही, जुना नंबर हाताशी असण्याचीही गरज नाही. मुंबईत अनेक टपाल कार्यालयांत आणि बँकांच्या शाखांत अशी केंद्रं आहेत. शंका असेल तर आधारच्या हेल्पलाइनला, १९४७ वर, विचारा.

आणि हे काम शेवटच्या दिवसावर टाकू नका. १५ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटालाही आधारवर आधारलेला ओटीपी लागतो. गणपतीला कोकणात जायचं आहे, सकाळी दहाला एसीचं किंवा अकराला स्लीपरचं तत्काळ उघडलंय, आणि तेव्हा लक्षात आलं की आधारला भलताच नंबर आहे, तर त्या दिवशी हातात काहीच उरत नाही.

दोन चाचण्या, मग निदान

नंबर बरोबर आहे याची खात्री झाली की दोन छोट्या चाचण्या करा.

पहिली: घरातल्या कोणाला तरी साधा एसएमएस पाठवायला सांगा. व्हॉट्सॲप नाही, एसएमएस. हा फरक महत्त्वाचा आहे. वायफायवर व्हॉट्सॲप धो धो चालू असतं आणि आपल्याला वाटतं फोन ठीक आहे. पण एसएमएस मोबाइल कंपनीच्या नेटवर्कवरून येतो, त्याचा तुमच्या घरातल्या वायफायशी बहुतेक वेळा काही संबंध नसतो.

दुसरी: दुसऱ्याच कुठल्या तरी सेवेचा ओटीपी मागवून पाहा. गॅस बुकिंग, किराणा मागवायचं ॲप, काहीही.

साधा एसएमएसच येत नसेल तर दोष नेटवर्क, सिम किंवा रिचार्जचा. साधा येतो पण कुठलाच ओटीपी दिसत नाही, तर फोनमधली गाळणी तपासायची. बाकी सगळे ओटीपी येतात आणि एकच येत नाही, तर तुमचा फोन निर्दोष आहे आणि पाठवणाऱ्याकडे बघायचं.

साधा एसएमएसही येत नाही

आधी जागा बदला. मुंबईत हे फार मोठं कारण आहे आणि लोक त्याला कारण मानतच नाहीत. चाळीतली आतली खोली, टॉवरच्या पोटातली लिफ्ट, तळघरातलं पार्किंग, भुयारी मेट्रोचा फलाट, इथे एक कांडी रेंज दिसत असते पण मेसेज उतरत नाही. लोकलमध्ये फोन सतत एका मोबाइल टॉवरवरून दुसऱ्यावर उडी मारत असतो. मेसेज हरवत नाही, मोबाइल कंपनीकडे थांबून राहतो आणि फोन सापडला की उतरतो, पण तोवर कोडची मुदत संपलेली असते. आधारच्या ओटीपीची मुदत दहा मिनिटांची, बँकांची बरेचदा त्याहून कमी. तेव्हा पैशाचं किंवा सरकारी काम प्लॅटफॉर्मवर उभं राहून करू नका. खिडकीपाशी, गॅलरीत किंवा गच्चीत जाऊन कोड मागवा. घरात कायमच रेंज नसेल आणि वायफाय चांगलं असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू करून पाहा. बऱ्याच फोनवर मग एसएमएसही त्याच वाटेने येतो.

मग विमान मोड चालू करा, तीस सेकंद थांबा, बंद करा. फोन नेटवर्कवर नव्याने नोंदला जातो आणि अडलेले मेसेज कित्येकदा तिथेच धडाधड येतात. नाही आले तर फोन बंद करून चालू करा.

तरीही नाही? रिचार्ज बघा. दोन सिमच्या फोनमध्ये एक सिम ‘फक्त बँकेसाठी’ ठेवलेलं असतं आणि त्याची मुदत कधी संपली ते कोणाच्या लक्षात राहत नाही. मुदत संपली की आधी बाहेर जाणारे कॉल बंद होतात आणि काही दिवसांनी येणारे मेसेजही. अशा सिमसाठी महागडा इंटरनेटचा प्लॅन घ्यायची गरज नाही. मोबाइल कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ट्राय या सरकारी संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून फक्त कॉल आणि एसएमएसचे रिचार्ज ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं आहे. कंपनीच्या ॲपमध्ये ते खाली दडलेले असतात, दुकानदार स्वतःहून सांगत नाही, मागावे लागतात. नंबर मात्र मरू देऊ नका. वापर नसलेला नंबर बंद होतो आणि बंद झाल्यावर किमान ९० दिवसांनी तो दुसऱ्या कोणाला तरी दिला जाऊ शकतो. मग तुमच्या खात्याचे कोड त्या अनोळखी माणसाकडे जातात.

सिम नुकतंच बदललंय का? डुप्लिकेट सिम घेतलं, ई-सिम केलं, फोन हरवला म्हणून नवं सिम काढलं, तर चालू झाल्यापासून पहिले २४ तास एसएमएस मुद्दाम बंद ठेवले जातात. कोणी तुमच्या नावाने सिम काढून तुमचं बँक खातं रिकामं करू नये म्हणून ही सोय आहे. कॉल चालतात, इंटरनेट चालतं, फक्त मेसेज नाही, आणि माणूस गॅलरीला फेऱ्या मारून दमतो. इथे उपाय एकच, दुसऱ्या दिवसापर्यंत थांबणं. कंपनी बदलून नंबर तोच ठेवला असेल तरी पहिले एक-दोन दिवस काही सेवांचे कोड चुकू शकतात.

यातलं काहीच नसेल तर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घाला. ही चाचणी मला सगळ्यात भरवशाची वाटते. तिथे मेसेज आला तर दोष तुमच्या फोनचा, नाही आला तर सिमचा किंवा कंपनीचा. मग १९८ वर तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या.

साधा येतो, ओटीपी दिसत नाही

इथे बहुतेक वेळा कोड आलेला असतो. तो फक्त दुसऱ्या कप्प्यात पडलेला असतो.

अँड्रॉइडवर गूगलचं मेसेजेस ॲप असेल तर वर उजवीकडच्या तुमच्या चित्रावर टिचकी मारा आणि ‘स्पॅम आणि ब्लॉक केलेले’ उघडा. त्रासदायक जाहिराती ब्लॉक करताना बँकेचं नावही ब्लॉक झालेलं असू शकतं. त्याच ॲपमध्ये ओटीपी २४ तासांनी आपोआप पुसायची सोय आहे. ती चालू असेल तर काल आलेला मेसेज आज दिसणार नाही, त्यात बिघाड काही नाही. आयफोनवर मेसेजेसमध्ये अनोळखी पाठवणाऱ्यांची गाळणी चालू असली की व्यवहाराचे, जाहिरातीचे आणि नको असलेले मेसेज वेगवेगळ्या याद्यांत जातात. वरच्या फिल्टरवर जाऊन सगळ्या याद्या उघडून पाहा.

कॉलरचं नाव दाखवणारं एखादं ॲप मेसेजचं मुख्य ॲप होऊन बसलं असेल तर त्याची स्वतःची गाळणी वेगळी असते. सेटिंगमध्ये जाऊन फोनबरोबर आलेलं ॲप पुन्हा मुख्य करा. फोनची जागा गच्च भरली असेल तरी मेसेज साठत नाहीत. रोज सकाळचे फुलांचे फोटो आणि लग्नाचे व्हिडिओ थोडे पुसून पाहा.

डीएनडीबद्दल एक गैरसमज घट्ट बसलाय. ‘मी १९०९ वर डीएनडी चालू केलंय म्हणून ओटीपी येत नाही’ असं पुष्कळजण म्हणतात. डीएनडी जाहिराती अडवतं, ओटीपी नाही. म्हणून ते काढू नका. उलट मेसेज कोणाकडून आलाय ते वाचायला शिका. आता पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक अक्षर असतं. इंग्रजी ‘टी’ म्हणजे व्यवहार, ‘एस’ म्हणजे सेवा, ‘जी’ म्हणजे सरकारी आणि ‘पी’ म्हणजे जाहिरात. बँकेचा कोड कोणाच्या दहा आकडी खासगी नंबरवरून आल्यासारखा दिसला तर त्याच्यातल्या दुव्याला हात लावू नका.

एकाच सेवेचा कोड येत नाही

भारतात कंपन्यांना मेसेज पाठवण्यासाठी आपलं नाव आणि मेसेजचा ठरलेला मजकूर आधी नोंदवावा लागतो. नोंदलेल्या मजकुराशी न जुळणारा मेसेज मोबाइल कंपनी वाटेतच अडवते. ८ मार्च २०२१ ला ही छाननी कडक झाली तेव्हा देशभर बँकांचे आणि इतर सेवांचे ओटीपी अडकले आणि ट्रायला ती काही दिवस थांबवावी लागली. आजही एखाद्या कंपनीने मजकूर बदलला आणि नोंद बदलली नाही तर तिचे कोड असेच गळतात. तुम्ही घरात बसून यात काही करू शकत नाही. करता येतं ते इतकंच: ‘कॉलवर कोड मिळवा’ हा पर्याय दिसतो का ते बघा, मेलवर कोड मागवता येतो का ते बघा, आणि गर्दीची वेळ टाळा. योजनेचा शेवटचा दिवस, निकालाचा दिवस, प्रवेशाची यादी लागली तो दिवस, अशा वेळी सर्व्हर कोलमडतात. सरकारी संकेतस्थळांचं काम मी तरी पहाटे किंवा रात्री उशिरा करायला सांगेन.

कॉलवर कोड मागवताना अनोळखी नंबर शांत करण्याची सेटिंग तात्पुरती बंद करा आणि फोनच्या कॉल सेटिंगमध्ये कॉल फॉरवर्डिंग कुठे चालू नाही ना ते तपासा.

कोड मेलवर जात असेल तर स्पॅम आणि जाहिरातींचा कप्पा पाहा, आणि जीमेलची मोफत १५ जीबी जागा भरली नाही ना तेही. ती फोटो आणि ड्राइव्हमध्ये मिळून मोजली जाते. भरली की नवीन मेल येणं बंद होतं. कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप वापरत असाल तर तिथे कोड दिसतो, पण चालत नाही अशी तक्रार असते. ते कोड साधारणपणे दर ३० सेकंदांनी घड्याळाच्या हिशोबाने बदलतात. फोनचं घड्याळ हाताने लावलेलं असेल तर ते आपोआप वेळ घेईल असं करा.

यूपीआयची गोष्ट उलटी आहे

यूपीआय ॲप नव्या फोनवर चालू करताना ‘पडताळणी झाली नाही’ असं येतं आणि लोक मेसेजची वाट पाहतात. इथे मेसेज येत नाही, तुमच्या फोनवरून जातो. त्यामुळे बँकेत नोंदलेलं सिम याच फोनमध्ये हवं, दोन सिम असतील तर ॲपमध्ये तेच निवडलेलं हवं, ॲपला एसएमएसची परवानगी हवी आणि सिमवर मेसेज जाण्याइतका रिचार्ज किंवा शिल्लक हवी. फक्त डेटाचा पॅक असेल तर मेसेज जात नाही. आधी कोणाला तरी साधा एसएमएस पाठवून पाहा. तो गेला तर वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर पुन्हा पडताळणी करा.

इथे कोडचा नाद सोडा

फोनवरचं नेटवर्क अचानक पूर्ण गेलं, घरातल्या त्याच कंपनीच्या दुसऱ्या फोनला मात्र रेंज आहे, आणि तुम्ही सिम बदलायची मागणी केलेली नाही, तर कोणी तुमच्या नंबरचं दुसरं सिम काढलेलं असू शकतं. ताबडतोब दुसऱ्या फोनवरून मोबाइल कंपनीला आणि बँकेला कळवा, खातं गोठवायला सांगा.

व्हॉट्सॲपवर ई-चलनाची किंवा लग्नपत्रिकेची म्हणून आलेली एपीके फाइल (जी उघडली की फोनमध्ये ॲप बसतं) उघडली असेल आणि त्यानंतर ओटीपी दिसेनासे झाले असतील, तर त्या ॲपने तुमचे मेसेज वाचायला आणि पुढे पाठवायला सुरुवात केलेली असू शकते. इंटरनेट बंद करा, सेटिंगमध्ये एसएमएसची परवानगी कोणकोणत्या ॲपना आहे ते बघा, अनोळखी ॲप काढून टाका आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.

आणि ओटीपी येत नाही म्हणून गूगलवर ग्राहक सेवेचा नंबर शोधू नका. तिथे ठगांचे नंबर पेरलेले असतात. नंबर घ्यायचा तो कार्डाच्या मागून, पासबुकातून किंवा ॲपच्या आतून. कोड वाचून दाखवा असं म्हणणारा कोणीही तुमच्या मदतीला आलेला नाही. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.

खातं उघडलं की त्याच बैठकीत

कोड मिळाला, आत गेलात, की लगेच बाहेर पडू नका. जोडलेला नंबर आणि मेल बघून घ्या आणि जुना असेल तर बदला. गूगल खात्यात राखीव कोडची सोय आहे. आठ आकड्यांचे दहा कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर लिहून घरातल्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा, फोनमध्ये नाही, कारण फोन हरवेल तेव्हाच ते लागतील. शक्य असेल तिथे पासकी (म्हणजे फोनच्या लॉकनेच खातं उघडायची सोय) किंवा ऑथेंटिकेटर चालू करा, म्हणजे रेंज नसली तरी अडणार नाही. आई-वडिलांच्या खात्यांना कोणाचा नंबर जोडलाय तेही याच वेळी तपासा. गावी असलेल्या आईच्या पेन्शनच्या खात्याला मुंबईतल्या मुलाचा नंबर असेल, तर ती बँकेच्या खिडकीपाशी उभी असते आणि कोड इकडे लोकलच्या गर्दीत खिशातल्या फोनवर येतो. तिच्या हातातल्या फोनचाच नंबर तिथे नोंदवा.